उकिरड्याचे सोने: घरच्या घरी कंपोस्ट खत कसे तयार करावे?



पवनानगर परिसरातून जाताना एका बाजूला पवना धरणाचा जलाशय आणि सभोवती लोहगड, विसापूर, तिकोना व तुंग हे किल्ले दिसतात. या जलाशयातून सोडलेले पाणी नदीपात्रातून वाहत रावेतच्या बंधाऱ्यापर्यंत जाते. तेथून ते उचलून शुद्ध केले जाते आणि पिंपरी-चिंचवडच्या लक्षावधी कुटुंबांना पुरवले जाते. नदी पुढे चिंचवडवरून वाहत जाऊन दापोडीजवळ मुळेला मिळते. मावळातल्या एखाद्या ओढ्याकाठी आपण टाकलेली कचऱ्याची पिशवी पहिल्या मोठ्या पावसात याच पाण्याच्या वाटेला लागते. आपल्या अंगणातला कचरा हा केवळ आपला खासगी प्रश्न राहत नाही, तो असा.

घरातला निम्म्याहून अधिक कचरा स्वयंपाकघरातला व अंगणातला असतो. भाजीची देठे, फळांच्या साली, चहाचा चोथा, झाडांचा पाला अशा या वस्तू मातीतूनच आलेल्या असतात आणि मातीत परत जाऊ शकतात. त्या प्लास्टिकच्या पिशवीत कोंबून गाठ मारली की मात्र त्या सडतात, दुर्गंधी सुटते, आणि गाई-गुरे अन्नाच्या वासाने ती पिशवीच गिळतात. या लेखात घरच्या घरी कंपोस्ट खताचा ढीग कसा सुरू करावा, मावळच्या पावसात तो कसा सांभाळावा आणि काय टाळावे, हे क्रमाने पाहू.

उकिरडा आणि कंपोस्ट यांतील फरक

"कंपोस्टचे एवढे कौतुक कशाला? आमच्या घरामागे उकिरडा होताच की," असे जुनी मंडळी म्हणतील. ते खरेच आहे. बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात, ही आपली म्हणच आहे. तथापि उकिरड्यावर शेण, राख व केरकचरा जसा येईल तसा पडत असतो. उन्हाने तो वाळतो, त्यातील नत्र वायुरूपाने उडून जाते आणि पावसाळ्यात उरलेली अन्नद्रव्ये धुपून ओढ्यात जातात. वर्षभराने शेतात जाते ते अर्धे कुजलेले, तणांच्या बियांनी भरलेले खत.

कंपोस्ट म्हणजे हाच उकिरडा, परंतु नियोजनपूर्वक रचलेला. हवा, ओलावा व सामग्री यांचे प्रमाण राखले, तर जे काम उकिरड्यात वर्षभर रेंगाळते ते तीन-चार महिन्यांत पूर्ण होते आणि खताचा कस टिकतो.

या शास्त्राचा एक महत्त्वाचा अध्याय आपल्याच देशात लिहिला गेला. १९२४ ते १९३१ या काळात इंदूर येथील वनस्पती-उद्योग संस्थेत सर अल्बर्ट हॉवर्ड यांनी आपले सहकारी यशवंत वाड यांच्यासह शेतातील टाकाऊ पदार्थांपासून खत करण्याची पद्धत शास्त्रशुद्ध रीतीने बसवली. १९३१ मध्ये दोघांच्या नावाने त्यावर ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि ही 'इंदूर पद्धत' जगभर गेली. भारतीय शेतकऱ्यांच्या व चीनमधील परंपरागत अनुभवाचे ऋण हॉवर्ड यांनी मोकळेपणाने मान्य केले होते.

पुढे यवतमाळ जिल्ह्यातील पुसद येथील गांधीवादी कार्यकर्ते नारायण देवराव पांढरीपांडे यांनी अनेक वर्षांच्या प्रयोगांतून जाळीदार विटांच्या टाक्याची पद्धत विकसित केली. त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून ती 'नाडेप' म्हणून ओळखली जाते. दहा फूट लांब, सहा फूट रुंद व तीन फूट उंच अशा टाक्याच्या भिंतींत हवेसाठी छिद्रे ठेवतात. आत काडीकचरा, शेणकाल्याचे पाणी व माती यांचे थर रचून वरून शेणमातीने लिंपतात. सुमारे शंभर किलो शेणात जवळजवळ दीड टन काडीकचरा कुजवता येतो, हे या पद्धतीचे वैशिष्ट्य आहे. ज्याच्या गोठ्यात एकच जनावर आहे, त्या लहान शेतकऱ्याला याचे मोल सहज कळेल. आपल्या घरगुती ढिगाला एवढे मोठे टाके लागत नाही. तत्त्व मात्र तेच आहे.

ढिगात नेमके काय घडते?

कुजणे हे असंख्य सूक्ष्म जीवांचे काम आहे. त्यांना चार गोष्टी लागतात: ऊर्जेसाठी कर्ब, शरीरवाढीसाठी नत्र, पाणी आणि हवा. वाळलेला पाला, पेंढा, भुसा, पुठ्ठा यांत कर्ब अधिक असतो. भाजीपाला, ताजे गवत, शेण यांत नत्र अधिक असते. पंचवीस ते तीस भाग कर्बाला एक भाग नत्र, हे प्रमाण उत्तम मानले जाते. घरात तराजू घेऊन बसण्याची मात्र गरज नाही. आकारमानाने एक घमेले ओल्या कचऱ्याला दोन ते तीन घमेली वाळलेला पाला घातला, की हे प्रमाण जवळपास साधते.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. घंटागाडीच्या भाषेत 'सुका कचरा' म्हणजे प्लास्टिक, काच, धातू, कागद. खताच्या भाषेत कोरडे साहित्य म्हणजे वाळलेला पाला व काडी. दोहोंची गल्लत झाल्यामुळे अनेक ढिगांत वेफरच्या पिशव्या निघतात. म्हणून या लेखात आपण 'कोरडा पाला' हाच शब्द वापरू.

सामग्री योग्य असेल आणि ढीग तीन फूट लांब, तीन फूट रुंद व तीन फूट उंच एवढा असेल, तर काही दिवसांतच तो आतून तापू लागतो. तापमान ५५ ते ६५ अंश सेल्सिअसपर्यंत जाऊ शकते. या उष्णतेत रोगजंतू व तणांचे बी बहुतांशी नष्ट होते. नंतर ढीग हळूहळू निवतो आणि बुरशी, गांडुळे व इतर जीव उरलेले काम पूर्ण करतात. लहान मडक्यात किंवा रोज थोडी-थोडी भर पडणाऱ्या ढिगात एवढी उष्णता निर्माण होत नाही. तेथेही खत होते, पण सावकाश होते, आणि तणांचे बी टिकून राहते. म्हणून अशा ढिगात बी धरलेले गवत टाकू नये.

हवा कोंडली तर दुसऱ्याच प्रकारचे जंतू वाढतात. त्यांच्यामुळे दुर्गंधी सुटते आणि मिथेन वायू तयार होतो. शंभर वर्षांच्या हिशेबात हा वायू कार्बन डायॉक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता धरून ठेवतो. शहरांच्या कचरा डेपोंत हेच घडते. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षे उरुळी देवाची व फुरसुंगी या गावांच्या हद्दीत टाकला गेला. तेथील विहिरींचे पाणी बिघडले, आणि ग्रामस्थांना वेळोवेळी रस्त्यावर उतरून कचऱ्याच्या गाड्या अडवाव्या लागल्या. आपल्या स्वयंपाकघरातली साल दुसऱ्याच्या विहिरीपर्यंत कशी पोहोचते, याचे हे जवळचे उदाहरण आहे.

प्रारंभ कसा करावा?

१. जागा: घरापासून चार पावले दूर, झाडाच्या सावलीत, थोडी उंचवट्याची जागा निवडावी. विहीर, कूपनलिका व ओढा यांपासून ती लांब असावी. मावळात खड्डा खणून खत करू नये. जूनमध्ये खड्ड्यात पाणी साचते आणि सारे कुजके पाणी होऊन बसते. जमिनीवरचा ढीगच येथे योग्य आहे.

२. कप्पे: विटा सांध्यांत फटी ठेवून रचाव्यात किंवा बांबूच्या कामट्यांचे कुंपण करावे. प्रत्येकी तीन फुटांचे दोन कप्पे शेजारी-शेजारी असावेत. एक भरत असताना दुसरा मुरत राहतो.

३. तळाचा थर: चार ते सहा इंच जाडीच्या काटक्या, तुरीची खोडे किंवा नारळाच्या शेंड्या पसराव्यात. यामुळे खालून हवा खेळते व जादा पाणी निथळते.

४. पुढील थर: सहा इंच कोरडा पाला, त्यावर दोन इंच स्वयंपाकघरातला कचरा, त्यावर मूठभर माती आणि शेणकाल्याचा शिडकावा. पुन्हा कोरडा पाला. शेण नसेल तर जुने खत किंवा आंबट ताक पाण्यात मिसळून शिंपडले तरी चालते. विकतची जंतुपावडर आणलीच पाहिजे असे नाही, कारण मूठभर चांगल्या मातीत कोट्यवधी जीव आधीच असतात.

५. रोजची भर: कचरा बारीक चिरून टाकावा. प्रत्येक वेळी वर कोरड्या पाल्याचे पांघरूण घालावे. हा नियम पाळला, तर माशा व दुर्गंधी यांविषयीच्या बहुतेक तक्रारी उद्भवतच नाहीत.

६. ओलावा: ढिगातील मूठभर सामग्री घट्ट पिळून पाहावी. बोटांमधून एक-दोन थेंब आले तर ओलावा योग्य. धार लागली तर अधिक, आणि मूठ सोडताच भुगा झाला तर कमी.

७. चाळणे: दर दहा-पंधरा दिवसांनी फावड्याने ढीग वर-खाली करावा. कडेचे आत व आतले कडेला आणावे. एवढे श्रम होत नसतील तर ढिगात पोकळ बांबू उभे रोवावेत. खत होईलच, थोडा अधिक वेळ लागेल.

चार माणसांच्या घरात रोज सुमारे पाऊण किलो ओला कचरा निघतो असे धरले, तर तीन महिन्यांत साठ-सत्तर किलो कचरा एका कप्प्यात जिरतो. तेवढ्या काळात ढीग खचत राहतो व त्याचा आकार निम्म्याहून कमी होतो. मग तो झाकून ठेवावा व दुसरा कप्पा सुरू करावा.

लोणावळा, तळेगाव येथे सदनिकेत राहणाऱ्यांनी तळाला व बाजूंना छिद्रे पाडलेल्या दोन बादल्या किंवा मातीची मोठी मडकी घ्यावीत. खाली ताटली ठेवावी. क्रम तोच: पाला, कचरा, पाला.

काय टाकावे, काय टाळावे?

भाजीफळांचा कचरा, अंड्यांची चुरलेली कवचे, चहाचा चोथा, शिळी पोळी थोड्या प्रमाणात, बांबूचा पाला, भाताचा पेंढा व तूस, न चकाकणारा पुठ्ठा आणि गिरीपुष्पाच्या कोवळ्या फांद्या हे सर्व चालते. गिरीपुष्पाचा पाला नत्राने समृद्ध असतो. डॉ. नारायण सावंत यांच्या चारसूत्री भातशेतीत याच पाल्याला हिरवळीचे खत म्हणून स्थान दिलेले आहे. सागाची व आंब्याची पाने चिवट असतात, ती चुरून घालावीत. चुलीची राख अधूनमधून मूठभर घालावी. अधिक झाली तर ढीग अल्कधर्मी होऊन नत्र उडते.

आपल्या अनेक घरांत मासळी व मांस नित्य शिजते. त्यांचे अवशेष कुजतात हे खरे, पण नवशिक्याने ते ढिगात टाकू नयेत. वासाने कुत्री, मांजरे व उंदीर येतात, आणि उंदरांमागे साप येतात. मासळीची खवले-आतडी झाडाच्या बुंध्यापासून दूर, दीड फूट खोल पुरावीत. कुत्र्या-मांजरांची विष्ठा, रोगट झाडे, तेलकट उरलेसुरले अन्न, डायपर, औषधे व बॅटऱ्या ढिगात कधीही टाकू नयेत.

डोंगरपायथ्याच्या घरांनी विशेष काळजी घ्यावी. ढिगाची ऊब साप-विंचवांनाही आवडते. उघडा हात ढिगात घालू नये. लांब दांड्याचे फावडे व पायात बूट वापरावेत, आणि मुलांनाही तसे बजावावे.

मावळचा पाऊस आणि वर्षाचे वेळापत्रक

शहरात लिहिलेल्या पुस्तिकांत कंपोस्टला पाणी घालण्याविषयी पुष्कळ सांगितलेले असते. पवनानगरात वर्षातील चार महिने प्रश्न नेमका उलटा असतो. येथील पाऊस उघड्या ढिगाचा चिखल करतो व त्यातील सत्त्व वाहून नेतो. म्हणून वर्षाची आखणी अशी करावी.

फेब्रुवारी ते मे हा पानगळीचा काळ. या दिवसांत मिळेल तेवढा कोरडा पाला पोत्यांत भरून पडवीत ठेवावा. हीच पावसाळ्याची बेगमी. पावसाळ्यात ढीग बिघडतो तो बहुधा कोरडा पाला संपल्यामुळे. जून लागण्यापूर्वी कप्प्यांवर उतरता पत्रा टाकावा व सभोवती चर काढावा. प्लास्टिकचा कागद थेट ढिगावर पसरू नये. त्याने हवा कोंडते. वीतभर अंतर ठेवून तो छपरासारखा बांधावा. ऑक्टोबरपासून हवा कोरडी होते, तेव्हा आठवड्यातून एकदा पाणी शिंपडावे.

याच संदर्भात राबाचा विचार करावासा वाटतो. भाताची रोपे तयार करण्यासाठी वाफ्यावर पालापाचोळा, फांद्या व शेण पसरून भाजण्याची प्रथा मावळात जुनी आहे. त्यामागे अनुभव आहे: भाजल्याने तणांचे बी मरते आणि राखेतून पालाश मिळते. परंतु त्या धुरासोबत पाल्यातील बहुतेक नत्र व सेंद्रिय कर्बही निघून जातात. पिढ्यान्‌पिढ्यांची प्रथा एका लेखाने बदलावी, असा आग्रह नाही. मात्र अंगणातला जो पाला आपण केवळ झाडलोट म्हणून पेटवून देतो, त्याला काडी लावण्यापूर्वी क्षणभर थांबावे. तो कचरा नसून चार महिन्यांनी हाती येणारे खत आहे.

अडचणी व उपाय

ढिगाला कुजका वास येत असेल तर ओलावा अधिक व हवा कमी झाली आहे. ढीग उकरावा आणि भरपूर कोरडा पाला मिसळावा. अमोनियासारखा उग्र वास आला तर नत्र जास्त झाले आहे. उपाय तोच. ढीग तसाच पडून राहिला असेल तर तो कोरडा तरी आहे किंवा त्यात नुसता पाला आहे. शेणकाला व ओला कचरा घालावा. मुंग्या लागणे हेही कोरडेपणाचे लक्षण आहे.

करड्या रंगाच्या वळवळणाऱ्या अळ्या दिसल्या तर घाबरू नये. बहुधा त्या काळ्या सैनिक माशीच्या असतात व कचरा झपाट्याने संपवतात. पांढऱ्या, जाड, अर्धगोल वळलेल्या अळ्या मात्र वेचून कोंबड्यांना घालाव्यात. त्यांत हुमणी किंवा नारळाला उपद्रव देणाऱ्या गेंडा भुंग्याच्या अळ्या असू शकतात.

खत तयार झाले हे कसे ओळखावे?

तयार खत गडद तपकिरी व भुसभुशीत असते. मूळ वस्तू त्यात ओळखू येत नाहीत. ढीग निवलेला असतो आणि पहिल्या पावसानंतर मातीला येतो तसाच सुवास त्याला येतो. ही उपमा केवळ काव्यात्म नाही. दोन्ही ठिकाणी तो वास मातीतील एकाच प्रकारच्या जिवाणूंमुळे येतो. शंका असल्यास एका कुंडीत खत व माती मिसळून मेथीचे दाणे पेरावेत. ते नीट उगवले तर खत पक्व आहे. कच्चे खत रोपांना घालू नये. ते कुजताना मातीतलेच नत्र ओढून घेते व रोपे पिवळी पडतात.

कुंडीसाठी तीन भाग मातीस एक भाग खत पुरे. फळझाडाला बुंध्यापासून थोडे दूर, आळ्यात दोन-तीन घमेली द्यावीत. कंपोस्टमध्ये नत्र साधारण एक टक्क्याच्या आसपास असते. त्यामुळे ते युरियासारखा तत्काळ परिणाम दाखवणार नाही. त्याचे काम वेगळे आहे: माती भुसभुशीत करणे, पाणी धरून ठेवणे आणि मातीतील जीवसृष्टी जगवणे.

धर्मग्रामात काय करता येईल?

आपल्या मंदिरांतील वेदीवरची फुले, लग्नाची सजावट, आणि २ नोव्हेंबरला परलोकवासी भाविकांच्या स्मरणदिनी दफनभूमीत वाहिलेले हार यांचे पुढे काय होते, याचा विचार प्रत्येक धर्मग्रामाने करावा. प्रार्थनेने अर्पण केलेली फुले दुसऱ्या दिवशी मेणबत्त्यांच्या तुकड्यांसह पेटवली जाणे किंवा ओढ्याकाठी जाणे शोभत नाही. मंदिराच्या आवारात दोन कप्पे बांधावेत. फुले टाकण्यापूर्वी तारा, नायलॉनचा दोरा, चमकी व मेण काढावे. पुष्परचनेत वापरला जाणारा हिरवा स्पंज हा प्लास्टिकच आहे, तो कुजत नाही. शक्य असेल तर तो वापरूच नये. हे काम युवक मंडळाकडे व धर्मशिक्षणाच्या वर्गाकडे सोपवता येईल. वर्षाने मिळणारे खत दफनभूमीतील झाडांनाच घालावे.

२०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी कचरा वेगळा करण्याची जबाबदारी तो निर्माण करणाऱ्यावर टाकली. त्याच्या आदल्या वर्षी, २०१५ मध्ये, दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी 'लाउदातो सी' या परिपत्रकात हाच विषय श्रद्धेच्या अंगाने मांडला होता. निसर्गात एकाचा अवशेष दुसऱ्याचे अन्न होतो, पण मनुष्याच्या व्यवहारात मात्र वापरा आणि फेका अशी वृत्ती बळावली, हे त्यांनी दाखवून दिले. कचरा वेगळा करणे, खाता येईल तेवढेच शिजवणे अशा लहान नित्यकृत्यांचाही त्यांनी आवर्जून उल्लेख केला. यांतील दुसरी गोष्ट विसरू नये. उत्तम कंपोस्ट केल्याने अन्न वाया घालवणे क्षम्य ठरत नाही. प्रथम ताट, मग शेजारी, मग जनावर, आणि शेवटी ढीग, असा क्रम असावा.

संत लूककृत शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात प्रभू येशूने सांगितलेला अंजिराच्या झाडाचा दाखला आपल्या परिचयाचा आहे. तीन वर्षे फळ न देणारे झाड तोडून टाकावे, असे मालकाला वाटते. माळी मात्र आणखी एका वर्षाची मुदत मागतो आणि त्या वर्षात आपण काय करू तेही सांगतो: भोवती खणू, खत घालू. त्याची आशा अशी हाताच्या कामातून व्यक्त होते. आपल्या घरामागच्या खडकाळ, थकलेल्या जमिनीलाही अशीच एक मुदत देता येईल. येत्या पानगळीत पाल्याची दोन पोती बाजूला ठेवून या कामाला आरंभ करावा, ही विनंती.